पदराची खोली : ख्रिस्ती आईच्या रोजच्या दिवसात प्रार्थना



प्रार्थनेला शांतपणे बसता यावे म्हणून पुष्कळ आया पंधरा मिनिटे आधीचा गजर लावतात. गजर होतो आणि त्याच वेळी धाकटे रडत उठते. त्याला थोपटून निजवावे तर नळाला पाणी येते. मग डबे, गणवेश, शाळेची रिक्षा, ऑफिस किंवा घरातल्या आजारी माणसाचे औषध. रात्री पाठ टेकली की आठवते, आजही प्रार्थना राहिलीच. असे महिनोन्‌महिने चालले की मनात एक टोचणी घर करते. "देवाला द्यायला माझ्याकडे वेळ नाही, म्हणजे माझी श्रद्धाच कमी पडते आहे."

हा पाठ त्या टोचणीत भर घालण्यासाठी नाही. आईच्या दिवसात मोकळा वेळ कमी असतो, ही वस्तुस्थिती आहे. त्या वस्तुस्थितीत राहून प्रार्थना कशी करता येते, शास्त्रातल्या आणि इतिहासातल्या आयांनी ती कशी केली आणि आपण या आठवड्यापासून काय सुरू करू शकतो, हे आपण क्रमाने पाहू या.

१. खोली नसलेल्या घरातली खोली

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जावे, दार लावावे आणि गुप्त असलेल्या पित्याशी बोलावे. हे वाचून एखादी बहीण म्हणेल, "आमच्या एका खोलीच्या घरात सहा माणसे. दार लावायचे ते कुठे?"

या वचनाचा रोख पाहिला पाहिजे. त्याच्या आधीच्याच वचनात लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी प्रभू बोलतो. म्हणजे दार लावायचे ते लोकांच्या नजरेवर आणि त्या नजरेची हाव धरणाऱ्या आपल्या मनावर. भिंती असल्या तर उत्तम, नसल्या तरी हे दार लावता येते.

सुझाना वेस्ली हिचे उदाहरण इथे फार उपयोगी आहे. तिचा जन्म १६६९ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तिचा नवरा सॅम्युअल हा एपवर्थ नावाच्या खेड्यात धर्मगुरू होता. तिला एकोणीस मुले झाली, त्यांपैकी दहाच मोठी झाली. घरात पैशाची कायम ओढाताण. १७०९ च्या फेब्रुवारीत घराला आग लागली, तेव्हा पाच वर्षांच्या जॉनला वरच्या खिडकीतून कसेबसे बाहेर काढले. हाच जॉन आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांच्या कार्यातून पुढे मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रातही या मंडळ्या आहेत.

सुझानाबद्दल एक आठवण परंपरेने सांगितली जाते. भरल्या घरात तिला एकांत मिळत नसे, म्हणून ती खुर्चीत बसून आपला एप्रन डोक्यावरून ओढून घेई. आई एप्रनखाली आहे म्हणजे प्रार्थनेत आहे, तिला आता हाक मारायची नाही, हे मुलांना ठाऊक असे. आपल्या भाषेत सांगायचे तर तिने पदराची खोली केली होती.

या आठवणीत शिकण्यासारखी गोष्ट त्या कापडापलीकडची आहे. तिने मुलांना एक खूण शिकवली होती. आपणही अशी खूण ठरवू शकतो. खिडकीजवळची ठरावीक खुर्ची असेल, डोक्यावर घेतलेली ओढणी असेल, पेटवलेली मेणबत्ती असेल. "आई इथे बसली की पाच मिनिटे थांबायचे," एवढे चार वर्षांच्या मुलालाही समजते. ते पहिल्या दिवशी थांबणार नाही, पहिल्या आठवड्यातही नाही. पण खूण रोज तीच राहिली की हळूहळू घर ती ओळखू लागते. मुलाला त्यातून आणखी एक गोष्ट कळते. आपली आईही कुणाकडे तरी जाऊन बसते, तिलाही कुणाचा तरी आधार लागतो.

२. व्यत्यय येणारच

मार्कच्या पहिल्या अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूमात संध्याकाळी सगळे गाव दाराशी जमले होते. येशूने पुष्कळ आजाऱ्यांना बरे केले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधार असतानाच तो एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. पण शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत तिथेही पोहोचले. सगळे तुझा शोध करीत आहेत, असे त्यांनी त्याला सांगितले.

कोणत्याही आईला हे ओळखीचे वाटेल. प्रभूच्या प्रार्थनेतही माणसे येऊन उभी राहिली. तो त्यांच्यावर चिडला नाही आणि प्रार्थना वाया गेली असेही त्याने मानले नाही. तो उठला आणि पुढच्या गावांकडे निघाला. मोडलेली प्रार्थना देवापर्यंत पोहोचत नाही, असे शास्त्रात कुठेही सांगितलेले नाही.

म्हणून वेळेबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर प्रार्थनेचा आकार बदलतो. तान्हे बाळ असलेल्या आईने लग्नाआधीची आपली अर्ध्या तासाची प्रार्थना मापाला धरू नये. रात्री दोन वाजता बाळाला पाजताना केलेली अर्धवट झोपेतली प्रार्थना ही त्या काळातली पूर्ण प्रार्थना आहे. मुले शाळेत जाऊ लागली की दिवसात वेगळी जागा मिळते, ती मोठी झाली की आणखी वेगळी.

दुसरी, लहान प्रार्थनेला मूळ असावे लागते. नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात राजा त्याला विचारतो, तुझी काय मागणी आहे? प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या क्षणात नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि मग बोलतो. केवळ काही क्षणांची प्रार्थना! पण पहिला अध्याय वाचला तर कळते की त्याआधी कित्येक दिवस तो उपास आणि प्रार्थना करीत होता. मन त्या दिशेला आधीच वळलेले होते, म्हणून ऐन वेळी शब्द सापडला. आपल्याला आठवड्यातून एकदा तरी, वीस-पंचवीस मिनिटे का होईना, सावकाश बसता येईल अशी वेळ काढली पाहिजे. त्या वेळेत मुलांना कोण पाहील हे पतीशी, सासूशी, बहिणीशी किंवा शेजारणीशी बोलून ठरवावे. घरातल्यांकडे अशी मदत मागण्यात संकोच नको. आईची प्रार्थना ही सगळ्या घराची गरज आहे.

३. कामाला बांधलेली प्रार्थना

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांना कशी शिकवावीत हे सांगताना चार वेळा नेमून दिल्या आहेत. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यातली एकही वेळ मंदिरातली नाही. सगळ्या घरच्या आणि रस्त्याच्या आहेत.

काम आणि भक्ती एकत्र नांदू शकतात, हे मराठी बाईला नव्याने शिकवावे लागत नाही. जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्यांत देव, माहेर, लेकरे सगळे एकत्र येत असे. नारायण वामन टिळकांनी हीच नाळ ओळखली. त्यांनी येशूची भक्ती अभंग आणि ओवी या आपल्या घरच्या छंदांत आणली. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे अपुरे राहिलेले काव्य त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. भाकरी थापताना त्यातले एखादे गीत गुणगुणणारी आई प्रार्थनेतच असते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांना स्वयंपाकघराचे काम दिले होते आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नसे. तरी भांडीकुंडी हाताळताना देव आपल्यासमोर आहे याची आठवण ठेवायची, असा सराव त्यांनी केला. मन सुरुवातीला वारंवार भरकटे. ते ध्यानात आले की स्वतःला दोष देत न बसता पुन्हा देवाकडे वळायचे, एवढाच त्यांचा नियम. त्यांच्या निधनानंतर त्यांची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध झाली आणि आजवर ती जगभर वाचली जातात.

हा सराव कसा सुरू करावा? रोज घडणारे एक काम निवडा आणि त्याला एक छोटी प्रार्थना बांधून टाका. काही उदाहरणे पाहा.

सकाळी गॅस पेटवताना : "प्रभू, आजचा दिवस तुझा. माझ्या जिभेवर पहारा ठेव."

डबा भरताना : ज्याचा डबा, त्याच्यासाठी एक वाक्य. "आज हिचा गणिताचा पेपर आहे. हिचे मन स्थिर ठेव."

कुकरच्या शिट्ट्या मोजताना : प्रत्येक शिट्टीला एक उपकारस्तुती.

कपडे घडी करताना : ज्याचा शर्ट हातात आहे, त्याचे नाव देवापुढे घ्यावे.

लोकलमध्ये किंवा बसमध्ये : शेजारी बसलेल्या अनोळखी बाईसाठी मनातल्या मनात आशीर्वाद मागावा.

पोटच्या मुलांना सांभाळून दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, नर्स म्हणून रात्रपाळी करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या आयांनाही आपल्या कामातून अशा जागा शोधता येतील. सुरुवातीला एकच काम निवडा. पाच कामांना पाच प्रार्थना बांधल्या तर आठवड्यात पाचही सुटतात.

एक गोष्ट हन्नाची. शिलोच्या मंदिरात ती मुलासाठी रडून प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. याजक एलीला वाटले, ही प्यायलेली आहे. देवाने तिला शमुवेल दिला आणि दूध तुटल्यावर तिने त्याला मंदिरात सेवेसाठी ठेवले. १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानसा तपशील आहे. ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेत असे. मूल समोर नाही, वर्षभरात ते किती वाढले असेल याचा अंदाज घेत ती तो झगा बेतत असणार. ज्यांची मुले वसतिगृहात, दुसऱ्या शहरात किंवा परदेशात आहेत त्या आयांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पाठवायच्या लाडवांचा डबा बांधताना, फोनवर "जेवलास का?" असे विचारताना आपल्या मनात जे चालते, ते देवाकडे वळवले की तीच प्रार्थना होते.

४. एका दिवशी एक मूल

सुझाना वेस्लीच्या आयुष्यातील आणखी एक घटना थेट भारताशी जोडलेली आहे. १७०६ मध्ये झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन तरुण मिशनरी तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी इथे आले. डेन्मार्कच्या राजाने त्यांना पाठवले होते. त्यांच्या कामाचा वृत्तान्त पुढे इंग्रजीत छापला गेला आणि तो एपवर्थच्या घरात सुझानाच्या वाचनात आला. वाचून ती हलून गेली. आपण पुरुष नाही, धर्मगुरू नाही, दूर देशी जाऊ शकत नाही. मग आपल्या हातात काय आहे? तिच्या लक्षात आले की तिच्या हातात तिची मुले आहेत. १७१२ च्या एका पत्रात तिने नवऱ्याला आपला नवा नेम कळवला. रोज रात्री एकेका मुलाशी एकटीने बोलायचे. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा, रविवारी दोघींची पाळी. अशा रीतीने आठ मुलांना आठवड्यातून एकदा आई एकटी मिळू लागली. जॉन वेस्ली मोठेपणी त्या गुरुवारच्या संध्याकाळीची आठवण काढीत असे.

हा नेम आपल्याला सहज घेता येईल. आपल्याकडे एक-दोन किंवा तीन मुले असतात. प्रत्येकासाठी आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी त्या मुलासाठी विशेष प्रार्थना करावी आणि रात्री दहा मिनिटे त्याच्याजवळ एकटे बसावे. प्रश्न साधे असावेत. "या आठवड्यात कशाने आनंद झाला? कशाची भीती वाटली? देवाला काय सांगू या?" गुण, अभ्यास आणि मोबाइल हे विषय त्या दहा मिनिटांत काढू नयेत. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत देवापुढे ठेवावे. आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभेत विनंती म्हणून जाहीर करू नये. मुलाचा विश्वास एकदा मोडला की ते पुन्हा बोलत नाही.

५. मुलांसोबत प्रार्थना

वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी एकत्र बसून रोझरी म्हणण्याची रीत पिढ्यांपासून आहे. अनेक प्रॉटेस्टंट घरांत जेवणाआधी किंवा झोपण्याआधी एखादे गीत, थोडे शास्त्रवाचन आणि प्रार्थना अशी कौटुंबिक उपासना असते. आपल्या मंडळीची जी रीत असेल ती धरावी. तिच्यात मुलांनी केवळ श्रोते राहू नये, हे मात्र पाहावे.

त्यासाठी प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचा क्रम चांगला आहे. आधी देवाला पिता म्हणून हाक, मग त्याच्या नावाचा आणि राज्याचा विचार, त्याच्या इच्छेला मान्यता, मग आजच्या भाकरीची मागणी, क्षमा, आणि मोहापासून राखण. घरातल्या प्रत्येकाला यातला एक भाग वाटून देता येईल. धाकट्याने भाकरीबद्दल आभार मानावेत, मोठीने कुणासाठी तरी मध्यस्थी करावी, आईने किंवा वडिलांनी क्षमेचा भाग घ्यावा. दहा मिनिटांत संपवावे. मुलांना कंटाळा येईपर्यंत लांबवलेली प्रार्थना त्यांच्या मनात देवाबद्दल कंटाळाच पेरते.

क्षमेच्या भागाबद्दल थोडे अधिक. दिवसभरात आपण मुलावर नको तेवढे ओरडलेलो असतो. संध्याकाळी त्याच्यासमोरच, "देवा, मी आज सकाळी हिच्यावर विनाकारण ओरडले, मला क्षमा कर," असे आईने म्हटले तर मूल प्रार्थनेबद्दल जे शिकते ते कोणत्याही रविवारच्या शाळेत शिकवता येणार नाही. मुले आपले शब्द विसरतात. आपण कुणापुढे नम्र होतो, हे ती विसरत नाहीत.

भाषेचाही विचार करावा. बडोदा, इंदूर, हैदराबाद किंवा बेंगळुरूला राहणाऱ्या मराठी घरांत मुले शाळेत इंग्रजी, अंगणात हिंदी किंवा तिथली भाषा बोलतात. घरच्या प्रार्थनेत मराठी राहिली तर आजीची प्रार्थना नातवाला समजते. पण मुलाला ज्या भाषेत रडू येते, त्या भाषेत त्याला प्रार्थनाही करू द्यावी. देवाला दोन्ही समजतात.

काही घरांत पती किंवा सासरची मंडळी ख्रिस्ती नाहीत. तिथे आईला एकटीनेच प्रार्थना करावी लागते. अशा बहिणींनी तीमथ्याचे घर आठवावे. त्याचे वडील ग्रीक होते, आई युनीके विश्वासणारी यहूदी होती. पौलाने दुसऱ्या पत्रात तीमथ्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांचीच नावे घेतली आहेत. त्या घरात मोठी उपासना होत असे की नाही, हे शास्त्र सांगत नाही. बाळपणापासून त्या मुलाला पवित्र लेख ठाऊक होते, एवढे मात्र सांगते. घरातल्यांशी वाद न घालता, त्यांचा मान राखून, अंथरुणाशी बसून मुलाच्या कानात केलेली प्रार्थनाही पुरेशी असते.

६. उत्तर मिळत नाही तेव्हा

प्रत्येक आईच्या आयुष्यात असा काळ येतो की ती मागते आणि काहीच घडत नाही. मुलाचे दुखणे बरे होत नाही. मुलगा दारूच्या नादी लागतो. मुलगी देवळात यायचे थांबवते. अशा वेळी मोनिकाची गोष्ट वाचावी.

मोनिका चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात राहत होती. नवरा पॅट्रिशियस ख्रिस्ती नव्हता आणि रागीट होता. आयुष्याच्या शेवटी त्याने बाप्तिस्मा घेतला. मुलगा ऑगस्टीन अतिशय हुशार, पण आईच्या विश्वासापासून दूर गेलेला. कित्येक वर्षे तो मानी पंथाच्या नादात होता. ३८३ मध्ये त्याने रोमला जायचे ठरवले. आई किनाऱ्यापर्यंत मागे आली. मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्र काढायला लावली आणि त्याच रात्री जहाजात बसून निघून गेला. ती मात्र रात्रभर प्रार्थना करीत होती, याला जाऊ देऊ नकोस म्हणून.

ती प्रार्थना फेटाळली गेली, असेच कुणीही म्हणेल. पण तो रोमहून मिलानला गेला. तिथे बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांनी त्याच्या मनाची गाठ सुटू लागली आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात हा प्रसंग लिहिला. देवाने त्या रात्री आईने जे मागितले ते दिले नाही, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते त्याला द्यायचे होते, असा अर्थ त्याने लावला. त्याच वर्षी मोनिका वारली. मरण्यापूर्वी तिने मुलांना सांगितले की देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

या कथेचा चुकीचा अर्थ घेऊ नये. पुरेसे रडले की मूल परत येतेच, असा नियम यातून निघत नाही. कित्येक आयांना आपल्या प्रार्थनेचे उत्तर डोळ्यांनी दिसत नाही आणि त्यांचा विश्वास मोनिकापेक्षा कमी नसतो. यातून इतकेच शिकावे की आपल्याला दिसणारा रस्ता बंद झाला म्हणजे देवाचे काम थांबले असे नाही. आणि आणखी एक. मोनिका केवळ रडली नाही, ती समुद्र ओलांडून मुलामागे गेली, जाणत्या माणसांचा सल्ला घेतला. प्रार्थना आणि पाऊल तिने वेगळे केले नाही.

म्हणून मूल आजारी असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या. औषध बंद करणे हे विश्वासाचे लक्षण नाही. बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, बाळाजवळ जावेसे वाटत नसेल, प्रार्थनेला शब्द फुटत नसतील तर त्याला पाप समजू नका. ते दुखणे असू शकते. डॉक्टरांशी बोला, टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर ती गुपचूप सोसणे म्हणजे प्रार्थना नव्हे. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. विश्वासातल्या बहिणीला सांगा, सुरक्षित जागी जा. देव मदत पाठवतो ती अनेकदा माणसांच्या हातूनच.

आणि ज्या दिवशी स्वतःला प्रार्थना करता येत नाही, त्या दिवशी दुसरीला सांगा, "माझ्यासाठी तू कर." मंडळी असते ती यासाठीच.

७. रात्रीचा रोजमेळ

दुकानदार रात्री गल्ला मिटण्याआधी दिवसाचा रोजमेळ घालतो. किती आले, किती गेले, शिल्लक काय. रोज मेळ घातला तर पाच मिनिटे लागतात. महिनाभर राहिला तर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे असे मागे वळून पाहण्याची पद्धत आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात घालून दिली. तिच्या पाच पायऱ्या आईला झोपलेल्या मुलाशेजारी पडल्या पडल्याही करता येतात. दिवसातल्या चांगल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानणे. नीट पाहता यावे म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागणे. सकाळपासूनचा दिवस आठवणे. जिथे चुकले तिथे क्षमा मागणे. आणि उद्यासाठी एक लहान निश्चय करणे.

मात्र हिशेबाचे उदाहरण इथेच थांबवले पाहिजे. वहीत नावे पडलेली रक्कम कधीतरी फेडावी लागते. देवापुढे आपण ताळा जुळवून उभ्या राहत नाही, त्याच्या कृपेवर उभ्या राहतो. आज राहिलेली प्रार्थना उद्याच्या खात्यावर थकबाकी म्हणून चढत नाही. उद्याची सकाळ नवी असते. रोजमेळ घालायचा तो स्वतःला दोषी ठरवण्यासाठी नव्हे. दिवसभरात देव कुठे भेटला आणि आपण त्याला कुठे ओळखले नाही, हे समजावे म्हणून.

या आठवड्याचा सराव

१. घरात प्रार्थनेची एक जागा आणि एक खूण ठरवा. ती मुलांना सांगा.

२. रोजचे एकच काम निवडा आणि त्याला एका वाक्याची प्रार्थना बांधा.

३. प्रत्येक मुलासाठी एक वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. त्या रात्री त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा.

४. झोपताना पाच पायऱ्यांचा रोजमेळ घाला. झोप लागली तर लागू द्या.

५. एक बहीण निवडा. आठवड्यातून एकदा फोनवर दोघींनी मिळून पाच मिनिटे प्रार्थना करा.

मनन आणि चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या दिवसात देवाला विसरायला लावणारी वेळ कोणती आणि त्याची आठवण सहज येते ती कोणती?

२. माझ्या आईला किंवा आजीला प्रार्थना करताना मी कुठे पाहिले आहे? त्यातले मला काय पुढे न्यावेसे वाटते?

३. अशी कोणती विनंती आहे जी मी उत्तर न मिळाल्यामुळे करायची सोडून दिली? ती पुन्हा कोणत्या शब्दांत मांडता येईल?

४. माझ्या मंडळीत अशी कोणती आई आहे जिला या आठवड्यात माझ्या अर्ध्या तासाच्या मदतीची गरज आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहून थांबू नका. तान्हे बाळ असलेल्या एखाद्या बहिणीच्या घरी जा, बाळाला अर्धा तास सांभाळा आणि तिला म्हणा, "ताई, तुम्ही थोडा वेळ शांत बसा." कदाचित ती प्रार्थना करील, कदाचित दमून झोपी जाईल. दोन्ही देवाला चालेल.

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, आमचे दिवस तुला ठाऊक आहेत. आमच्या हातातले काम आणि मनातली काळजी तू पाहतोस. आमच्या अर्धवट राहिलेल्या प्रार्थना तू पुऱ्या करून घे. आमची मुले आमच्या आधी तुझी आहेत, हे आम्हाला रोज आठवू दे. जी जवळ आहेत त्यांना जपायला आणि जी दूर गेली आहेत त्यांची वाट पाहायला आम्हाला बळ दे. आज ज्या आईला शब्द सुचत नाहीत तिच्यासाठी आम्ही सगळ्या तुझ्यापुढे येतो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.